जलचरांच्या ऊतींतील डी-अमिनो आम्ले मोडणारी विकरे : मोजणी कशी करावी आणि आकड्यावर विश्वास कधी ठेवावा

बहुतेक अमिनो आम्लांच्या रेणूंची एकमेकांच्या आरशातील प्रतिमांसारखी दोन रूपे असतात, एल आणि डी. प्रथिनांत एल-रूपातलीच अमिनो आम्ले असतात आणि डी-रूप हे जिवाणूंच्या पेशीभित्तिकेपुरते मर्यादित आहे, असा समज बराच काळ होता. जलचरांच्या ऊती तपासू लागल्यावर तो टिकला नाही. कोळंबी, क्रेफिश आणि अनेक शिंपल्यांच्या स्नायूंत मुक्त डी-अ‍ॅलॅनिन भरपूर सापडते आणि पाण्याची क्षारता वाढली की त्याचे प्रमाणही वाढते. म्हाकूळ आणि ऑक्टोपस यांच्या चेतासंस्थेत डी-अ‍ॅस्पार्टेट असते. प्राण्याच्या शरीरात डी-आम्ले तयार होत असतील, आणि अन्नातून व आतड्यातल्या जिवाणूंकडूनही येत असतील, तर ती मोडणारी यंत्रणाही तिथे असणारच. तिचा माग विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, क्रियाशीलतेवरून घेता येतो. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ही मोजणी कशी करायची आणि ती करताना कुठे फसायला होते, हे पुढे दिले आहे.

नेमके काय मोजायचे आहे

मुख्य विकरे दोन आहेत. पहिले डी-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेज (ई.सी. १.४.३.३). १९३५ साली हान्स क्रेब्स यांनी सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडात आणि यकृतात त्याची क्रिया दाखवली. १९३८ मध्ये वारबुर्ग आणि ख्रिश्चन यांनी त्याचे सहविकर, म्हणजे विकराला जोडून काम करणारा मदतनीस रेणू, एफएडी (फ्लेव्हिन अ‍ॅडेनिन डायन्युक्लिओटाइड) असल्याचे सिद्ध केले, आणि एफएडी या रेणूची ओळखही त्याच कामातून झाली. हे विकर डी-अ‍ॅलॅनिन, डी-प्रोलिन, डी-मिथिओनिन अशा उदासीन आम्लांवर चांगले आणि आम्लारिधर्मी आम्लांवर कमीअधिक चालते, मात्र डी-अ‍ॅस्पार्टेट आणि डी-ग्लुटामेट यांना ते जवळजवळ हात लावत नाही. ते काम डी-अ‍ॅस्पार्टेट ऑक्सिडेज (ई.सी. १.४.३.१) करते. ऑक्टोपसच्या यकृत-स्वादुपिंडात हे दुसरे विकर इतके असते की ते तिथून शुद्ध करून अभ्यासले गेले आहे.

दोन्ही विकरांची रासायनिक क्रिया एकच आहे. डी-अमिनो आम्ल, ऑक्सिजन आणि पाणी यांपासून कीटो आम्ल, अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. डी-अ‍ॅलॅनिनपासून पायरुव्हेट मिळते, डी-अ‍ॅस्पार्टेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट. म्हणजे मोजण्याजोग्या गोष्टी चार आहेत : खर्च झालेला ऑक्सिजन, आणि तयार झालेले कीटो आम्ल, अमोनिया व पेरॉक्साइड.

शुद्ध विकरासाठी यांपैकी कोणतीही गोष्ट निवडली तरी चालते. ऊतीच्या कच्च्या अर्कात तसे नाही. पेरॉक्साइडवर आधारलेली, पेरॉक्सिडेज आणि फिनॉल वापरून ५०५ नॅनोमीटरवर रंग वाचण्याची पद्धत सोपी वाटते. पण ही ऑक्सिडेजे पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या पटलवेष्टित पिशव्यांत राहतात आणि त्यांच्या शेजारीच कॅटालेज ठासून भरलेले असते. पेरॉक्साइड तयार होताक्षणी ते कॅटालेज त्याचा फडशा पाडते. कॅटालेज थांबवायला सोडियम अ‍ॅझाइड घालावे, तर ते पेरॉक्सिडेजलाही मारते. अमोनियाचे उगमस्थान एकच नसते, कारण ऊतीतली इतर डीअमिनेज विकरे तो सतत सोडत असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रोडची पद्धत चांगली आहे, पण एका वेळी एकच नमुना मोजता येतो. म्हणून कच्च्या अर्कासाठी कीटो आम्ल मोजण्याची पद्धत, म्हणजे डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिनची जुनी रंगपद्धत, मी पहिली सुचवतो.

ऊती कोणती आणि कशी घ्यायची

माशांत प्रथम मूत्रपिंड आणि यकृत घ्यावे. कार्प माशाच्या बाबतीत यकृत-स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि आतडे ही तिन्ही घ्यावीत, कारण त्याला खाद्यातून मुक्त डी-अ‍ॅलॅनिन दिल्यावर या अवयवांतली ऑक्सिडेजची क्रिया वाढते. याचा अर्थ असा की प्राण्याने गेल्या काही दिवसांत काय खाल्ले, यावर तुमचा आकडा अवलंबून असतो. खाद्य कोणते होते आणि शेवटचे कधी दिले, ही नोंद नमुन्याच्या वजनाइतकीच महत्त्वाची समजावी. कवचधारी आणि मृदुकाय प्राण्यांत यकृत-स्वादुपिंड किंवा पाचकग्रंथी, कल्ले आणि स्नायू हे वेगवेगळे घ्यावेत. लहान शिंपल्यांची पाचकग्रंथी इतकी छोटी असते की अनेक प्राण्यांची एकत्र करावी लागते. अशा वेळी एक एकत्रित गट म्हणजे एकच नमुना धरावा. त्याच अर्काच्या तीन नळ्या वाचल्या म्हणून तीन प्राणी मोजले असे होत नाही.

आतडे घ्यायचे असेल तर प्राणी आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवावा, आतडे उभे चिरून थंड क्षारद्रावणाने नीट धुवावे आणि शक्य असल्यास आतील अस्तर खरवडून तेवढेच वापरावे. जिवाणूंकडे स्वतःचे डी-अमिनो अ‍ॅसिड डीहायड्रोजनेज आणि अ‍ॅलॅनिन रेसमेज (डी आणि एल रूपांची अदलाबदल करणारे विकर) असते. न धुतलेल्या आतड्यात आपण प्राण्याचे विकर मोजतो की त्याच्या पाहुण्यांचे, हे सांगता येत नाही.

प्राणी मारण्याची पद्धत मान्य नैतिक नियमांनुसार असावी. अवयव काढल्याबरोबर तो बर्फगार द्रावणात धुवून रक्त काढून टाकावे, गाळणकागदावर टिपावा, वजन करावे आणि लगेच वापरायचा नसेल तर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावा.

अर्क तयार करणे

बफर म्हणून २० मिलिमोलर सोडियम पायरोफॉस्फेट, पीएच ८.३, घ्यावे. त्याचे तीव्र साठाद्रावण बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवले तर तळाशी स्फटिक बसतात आणि वरचे द्रावण नकळत सौम्य होते, म्हणून साठा खोलीच्या तापमानाला ठेवून विरल केल्यावरच थंड करावा. त्यात १ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारे), ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) आणि २० मायक्रोमोलर एफएडी घालावे. पेरॉक्सिझोमचे पटल फुटून विकर बाहेर यावे यासाठी ट्रायटन लागते. एफएडी का लागते, ते सविस्तर सांगायला हवे.

डी-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेज आपले एफएडी घट्ट धरून ठेवत नाही. अर्क विरल केला, डायलिसिस केले किंवा जेल-स्तंभातून (लहान रेणू मागे ठेवून प्रथिने पुढे जाऊ देणाऱ्या जेलच्या नळीतून) काढला की एफएडी सुटते आणि उरलेले प्रथिन निष्क्रिय होते. ते नष्ट झालेले नसते, पण मोजणीत शून्य दिसते. म्हणून अर्काच्या बफरमध्येही एफएडी हवे आणि मोजणीच्या मिश्रणातही. एफएडी प्रकाशात बिघडते, त्यामुळे साठ्याची नळी अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून ठेवावी. एकाच अर्काची मोजणी एफएडी घालून आणि न घालता, अशी दोन्ही प्रकारे एकदा तरी करून पाहावी. एफएडीने क्रिया वाढली तर फ्लेव्होप्रथिनाच्या, म्हणजे एफएडीसारखे सहविकर धरणाऱ्या प्रथिनाच्या, बाजूने तो पहिला पुरावा ठरतो.

एक ग्रॅम ऊतीला चार मिलिलिटर बफर या प्रमाणात, बर्फावर, काच-टेफ्लॉन होमोजिनायझरमध्ये दहा-बारा फेऱ्यांत ऊती दळावी. फेस येऊ देऊ नये. यकृत-स्वादुपिंडात पाचक प्रोटिएज (प्रथिने तोडणारी विकरे) विपुल असतात आणि विशेषतः कोळंबी-खेकड्यांत ते अर्कातल्या विकराला तासाभरात खाऊ शकतात, म्हणून पीएमएसएफ हे प्रोटिएज थांबवणारे रसायन १ मिलिमोलर घालावे. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. ते अल्कोहोलात विरघळवून दळण्याच्या क्षणीच टाकावे, सकाळी बनवलेल्या बफरच्या बाटलीत नव्हे. नंतर ४ अंशांना १०,००० जी वेगाने १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे आणि वर तरंगणारा चरबीचा थर टाळून मधला स्वच्छ द्रव घ्यावा.

आता जलचरांतली खास अडचण. शिंपले आणि कोळंबी यांच्या अर्कात आधीपासूनच डी-अ‍ॅलॅनिन असते, म्हणून ज्या नळीत आपण क्रियाधार, म्हणजे सब्स्ट्रेट, घातलेला नाही, तीही रिकामी नसते. मी पहिल्यांदा शिंपल्याच्या पाचकग्रंथीचा अर्क मोजला, तेव्हा विनाक्रियाधार नळीचा तांबूस रंग क्रियाधाराच्या नळीइतकाच गडद आला होता आणि दोन्हींतला फरक जवळपास शून्य होता. विकर नाही असे समजून मी वही मिटली. पुढच्या आठवड्यात तोच गोठवलेला अर्क सेफाडेक्स जी-२५ च्या लहान स्तंभातून काढला. मुक्त अमिनो आम्ले आणि मूळची कीटो आम्ले मागे राहिली, विनाक्रियाधार नळी फिकट पिवळी पडली आणि फरक स्पष्ट दिसू लागला. तेव्हापासून अपृष्ठवंशी प्राण्यांचा कोणताही अर्क मी स्तंभातून काढल्याशिवाय मोजत नाही. स्तंभ आधी एफएडी असलेल्या बफरने भिजवून घ्यायला मात्र विसरू नये.

प्रत्यक्ष मोजणी

एका नळीत एकूण ०.५ मिलिलिटर मिश्रण घ्यावे. त्यात पायरोफॉस्फेट बफर, २० मायक्रोमोलर एफएडी, थोडे शुद्ध कॅटालेज आणि ५० मायक्रोलिटर अर्क असावा. कॅटालेज अर्कात असतानाही बाहेरून घालण्याचे कारण असे की पेरॉक्साइड साचले तर ते पायरुव्हेटवर हल्ला करून त्याचे अ‍ॅसिटेट बनवते आणि आपण मोजणार तेच नाहीसे होते. काही ऊतींत कॅटालेज पुरेसे असते, काहींत नसते. बाहेरून घातले की सगळ्या नळ्या समान होतात.

मिश्रण ठरलेल्या तापमानाला ५ मिनिटे ठेवावे, मग डी-अ‍ॅलॅनिन अंतिम ५० मिलिमोलर होईल इतके घालून क्रिया सुरू करावी. तापमान २५ किंवा ३० अंश ठेवावे. ३७ अंश हा सस्तन प्राण्यांचा आकडा आहे, आणि थंड पाण्यातल्या माशाचे विकर त्या तापमानाला किती टिकते हे आधी तपासल्याशिवाय तो वापरू नये. नळ्या झाकून न ठेवता हलत्या जलकुंडात ठेवाव्यात. याचे कारण साध्या हिशेबात दिसते. २५ अंशांना हवेने संपृक्त पाण्यात सुमारे ०.२५ मिलिमोलर ऑक्सिजन असतो, म्हणजे ०.५ मिलिलिटरमध्ये फक्त १२५ नॅनोमोल. कॅटालेजमुळे त्यातला निम्मा परत मिळतो खरा, पण जोरदार क्रियेच्या मूत्रपिंडाच्या अर्कात स्थिर उभी नळी लवकरच गुदमरते आणि मग आलेख सपाट होतो. अर्क विरल करणे हा त्यावर सर्वांत चांगला उपाय आहे.

तीस मिनिटांनी ०.२५ मिलिलिटर २५ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल घालून क्रिया थांबवावी आणि साका सेंट्रिफ्यूज करून काढून टाकावा. वरच्या द्रवातले ०.५ मिलिलिटर घेऊन त्यात, २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात केलेले १ मिलिमोलर डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन ०.२५ मिलिलिटर घालावे आणि ३७ अंशांना १५ मिनिटे ठेवावे. मग १ मिलिलिटर १.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घातल्याबरोबर तांबूस-तपकिरी रंग येतो. दहा मिनिटांनी ४४५ नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. न वापरलेले अभिकर्मकही या तरंगलांबीला बऱ्यापैकी प्रकाश शोषते, म्हणून सर्व नळ्यांत ते एकाच पिपेटने, सारखेच पडले पाहिजे.

शून्य वेळेची नळी अशी करावी : आधी ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल, मग क्रियाधार. नुसते पाणी घातलेली नळी तिची जागा घेऊ शकत नाही. शिवाय १०, २०, ३० मिनिटे आणि अर्काची दोन-तीन प्रमाणे घेऊन आलेख सरळ रेषेत जातो हे प्रत्येक नव्या ऊतीसाठी एकदा पाहावे. रेषा वाकत असेल तर पुढची सगळी बेरीज-वजाबाकी निरर्थक आहे.

मानक आलेख पायरुव्हेटचा करावा आणि तो संपूर्ण प्रक्रियेतून न्यावा. त्याच वेळी अर्क असलेल्या एका नळीत ५० नॅनोमोल पायरुव्हेट मुद्दाम घालून अर्ध्या तासाने किती परत मिळते ते पाहावे. ऊतीत लॅक्टेट डीहायड्रोजनेज आणि ट्रान्सअमिनेज असतात, ती पायरुव्हेट वापरतात. नव्वद टक्क्यांहून कमी परत मिळाले, तर अर्क पुन्हा स्तंभातून काढावा किंवा वेळ कमी करावी.

डी-अ‍ॅस्पार्टेट ऑक्सिडेजसाठी बदल

क्रियाधार म्हणून २० मिलिमोलर डी-अ‍ॅस्पार्टेट घ्यावे. ते सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करूनच घालावे, नाहीतर मिश्रणाचा पीएच कोसळतो. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट अस्थिर आहे, विशेषतः धातूंच्या आयनांसमोर त्याचे आपोआप पायरुव्हेट होते. म्हणून मानक ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचे, ताजे, बर्फावर ठेवलेले आणि नमुन्याइतकाच वेळ उबवलेले असावे. डी-ग्लुटामेट वापरत असाल तर मानक २-ऑक्सोग्लुटारेटचे करावे. प्रत्येक कीटो आम्लाच्या हायड्रॅझोनचा, म्हणजे डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिनशी जोडून बनणाऱ्या रंगीत संयुगाचा, रंग सारखा गडद नसतो. हे दोन्ही क्रियाधार प्रत्येक जातीत वापरून पाहावेत, कारण त्यांच्या वेगांचे गुणोत्तर जातीगणिक बदलते. एन-मिथाइल-डी-अ‍ॅस्पार्टेट हा तिसरा क्रियाधार महाग आहे, पण डी-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेज त्यावर चालत नाही, त्यामुळे ओळख पटवायला तो उपयोगी पडतो.

एक सूचना इथेच : डी-प्रोलिनचे ऑक्सिडीकरण झाल्यावर उघडे कीटो आम्ल न मिळता वलयाकार संयुग मिळते. त्यासाठी ही रंगपद्धत नको, ऑक्सिजन इलेक्ट्रोड वापरावा.

रंग आला म्हणजे ऑक्सिडेज सापडले असे नाही

या कामात सर्वाधिक चुका इथे होतात, आणि माझ्या मते खरे कौशल्यही इथेच लागते. डी-अ‍ॅलॅनिन घातल्यावर पायरुव्हेट वाढले, तर त्याला किमान दोन मार्ग आहेत. एक ऑक्सिडेजचा. दुसरा असा की अ‍ॅलॅनिन रेसमेज डी-अ‍ॅलॅनिनचे एल-अ‍ॅलॅनिन करते आणि ट्रान्सअमिनेज त्याचे पायरुव्हेट बनवते. कोळंबी आणि शिंपल्यांत हे रेसमेज खरोखरच आहे, ब्लॅक टायगर कोळंबीतून ते शुद्धही केलेले आहे. डी-सेरीन वापरल्यास तिसरा मार्ग उघडतो, कारण सेरीन डीहायड्रेटेज वर्गातली आणि सेरीन रेसमेजसारखी विकरे ऑक्सिजनशिवायच पायरुव्हेट आणि अमोनिया देतात. यासाठीच पहिल्या मोजणीत डी-सेरीन टाळावे.

हे मार्ग वेगळे करण्याच्या कसोट्या अशा. एका नळीतली हवा काढून नायट्रोजन भरावा. ऑक्सिडेज थांबेल, रेसमेज थांबणार नाही. दुसऱ्या नळीत डी-ऐवजी त्याच आम्लाचे एल-रूप घालावे. एल-अ‍ॅलॅनिननेही तितकाच रंग आला, तर दिसते आहे ते ऑक्सिडेजचे काम नव्हे. माशांच्या बाबतीत ही कसोटी आणखी एका कारणाने हवी : काही माशांच्या त्वचेवरच्या श्लेष्म्यात एल-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेज असते, आणि कातडी किंवा कल्ले घेताना ते नमुन्यात मिसळू शकते. रेसमेज आणि ट्रान्सअमिनेज दोन्हींना पायरिडॉक्सल फॉस्फेट लागते, तर ऑक्सिडेजला एफएडी. म्हणून स्तंभातून काढलेल्या अर्कात यांपैकी काय घातल्यावर क्रिया परत येते, हे पाहणेही बोलके ठरते.

शेवटची कसोटी अवरोधकांची. सोडियम बेंझोएट डी-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेजला अडवते, मेसो-टार्टरेट डी-अ‍ॅस्पार्टेट ऑक्सिडेजला. बेंझोएट क्रियाधाराशी स्पर्धा करते. ५० मिलिमोलर डी-अ‍ॅलॅनिनच्या गर्दीत १ मिलिमोलर बेंझोएटला जागा मिळत नाही आणि अवरोध कमी दिसतो. त्यामुळे या कसोटीपुरते डी-अ‍ॅलॅनिन ५ मिलिमोलरपर्यंत उतरवावे. आणि बेंझोएटने डी-अ‍ॅस्पार्टेटची क्रिया फारशी कमी न होता डी-अ‍ॅलॅनिनची कोसळली, तर दोन वेगळी विकरे एकाच अर्कात आहेत असे आत्मविश्वासाने लिहिता येते.

हिशेब

समजा नमुना आणि शून्य वेळेची नळी यांच्या वाचनांतला फरक ०.३६० आला, विनाक्रियाधार नळीत रंग वाढला नाही आणि मानक आलेखाचा उतार प्रतिनळी प्रतिनॅनोमोल ०.००६० आहे. म्हणजे ६० नॅनोमोल पायरुव्हेट ३० मिनिटांत, मिनिटाला २ नॅनोमोल, आणि तेही ५० मायक्रोलिटर अर्कातून. एक मिलिलिटर अर्काला मिनिटाला ४० नॅनोमोल झाले. एक ग्रॅम ऊतीचा अर्क सुमारे ५ मिलिलिटर धरला, तर मिनिटाला २०० नॅनोमोल, म्हणजे ग्रॅममागे ०.२ एकक (एक एकक म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल). अर्कात प्रथिन मिलिलिटरला ८ मिलिग्रॅम असेल तर मिलिग्रॅममागे मिनिटाला ५ नॅनोमोल. अर्क स्तंभातून काढला असेल तर तिथे झालेली विरलता यात धरायला हवी. प्रथिन ब्रॅडफर्ड पद्धतीने मोजताना ट्रायटन रंगात ढवळाढवळ करते, म्हणून मानकांतही तेच बफर वापरावे.

आकडा ऊतीच्या वजनामागे आणि प्रथिनामागे, दोन्ही प्रकारे द्यावा. यकृत-स्वादुपिंडातली चरबी ऋतूप्रमाणे आणि प्रजननकाळाप्रमाणे बदलते, तेव्हा वजनामागचा आकडा एकटाच दिशाभूल करू शकतो. सोबत तापमान, पीएच, क्रियाधार व त्याचे प्रमाण, आणि प्राणी कोणत्या क्षारतेच्या पाण्यात होता हेही लिहावे.

काही ऊतींत, विशेषतः कवचधाऱ्यांच्या स्नायूंत, सगळी काळजी घेऊनही फरक दिसणार नाही. तिथे तक्त्यात शून्य लिहू नये. शून्य वेळेच्या सहा-सात नळ्यांच्या वाचनांचे प्रमाण विचलन काढावे, त्याची तिप्पट घेऊन तिचे नॅनोमोलमध्ये रूपांतर करावे आणि क्रिया या मर्यादेच्या वर आढळली नाही असे त्या आकड्यासह नोंदवावे. मग त्याच अर्कात डी-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेजची विकत मिळणारी शुद्ध तयारी थोडी मिसळून ती पूर्ण क्रिया दाखवते का ते पाहावे. ती दाखवत असेल तर ऊतीत खरोखर विकर नाही किंवा अत्यल्प आहे. दाखवत नसेल तर अर्कात अडवणारे काहीतरी आहे, आणि मोजणी पुन्हा स्तंभापासून सुरू करावी लागेल.